दप्तर तपासलं, पोराला कुणी विचारलं?

सकाळपासून शाळेच्या पालक ग्रुपवर एकच विषय. नववीतल्या एका पोराच्या दप्तरात मावा सापडला, तंबाखू-सुपारीचा. झालं, काढून टाका, दाखला हातात द्या, आमची पोरं बिघडतील. मेसेजवर मेसेज! पोराला झालंय काय, हे एकानंही विचारलं नाही. आणि त्यातले कितीतरी जण शाळा सुटायच्या वेळी गेटवर तोंडात बार भरूनच उभे असतात.

माझ्या भावाचं सांगते. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरच्या सुतारवाड्यातल्या आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढलं. बोटीतनं बाहेर काढलं तेव्हा तो १३ वर्षांचा. तिथनं पुढं पाऊस लागला की हा रात्रभर जागा, मोबाईलवर राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी बघत. ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर गेली की जेवण बंद. आम्ही काय म्हणायचो? "एवढा घोडा झालास आन् पावसाला भितोस व्हय?" मीसुद्धा म्हणायचे. माव्याची पुडी तालमीतल्या पोरांनी दिली.

दोन वर्षांनी ती सापडली तेव्हा पप्पांनी पट्टा काढला. मार खाता खाता तो एवढंच म्हणाला, "ताई, ह्यानं छातीतली धडधड थांबते गं."

थांबत नव्हती हो. निकोटीननं नाडी उलट वाढते. अंगातलं उतरलं की जीव कासावीस, चिडचिड, मग पुढची पुडी. तलफ भागली की वाटतं भीतीच गेली. पंधराव्या वर्षी मेंदूतला आवर घालणारा भाग अजून घडत असतो. त्या पोराला हा फरक कळायचा कसा?

हो, टपरीवाला दोषी आहेच. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे, १८ च्या आतल्याला तर कुठंच विकता येत नाही. करा तक्रार, मी सही करते. पण टपरी उचलली म्हणून धडधड कुठं जाणार?

भावाचा मावा सुटायला दीड वर्ष लागलं. मधे दोनदा परत लागला. पट्ट्यानं नाही सुटला. पप्पा पावसाच्या रात्री त्याच्याजवळ बसायला लागले. पातळी दोघं मिळून बघायचे, आई दोन वाजता चहा टाकायची. ते आठवलं की अजून डोळे भरतात.

आज फोनवर त्याला हे सांगितलं, तर पहिला प्रश्न, "त्या पोराच्या घरात काय झालंय गं?"

तेवढंच ग्रुपवर टाकलंय. तास होऊन गेला, कुणाचं उत्तर नाही.