पौष्टिक खाण्याचा आग्रह म्हणजे श्रीमंतांचे खूळ नव्हे

इंदूरच्या मराठी कुटुंबांमध्ये सध्या व्हॉट्सअॅपवरून एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: मुलांच्या डब्यात कडधान्ये, फळे आणि भाकरी असावी, हा शाळांचा आग्रह म्हणजे श्रीमंतांचे खूळ आहे; आपले आजोबा पोहे-जिलेबी खाऊन ऐंशी वर्षे जगले; असले अन्न सामान्य घराला परवडत नाही; पाकिटातल्या पदार्थांत जीवनसत्त्वे घातलेलीच असतात; मुले तसले काही खात नाहीत; आणि मुलांनी काय खावे हे ठरवणे शाळेचे कामच नाही. सकाळच्या घाईत डबा भरणाऱ्या आईला कोणाचाही उपदेश नको असतो, त्यामुळे या संदेशामागचा त्रागा मला समजतो. पण त्यातले मुद्दे टिकत नाहीत, आणि त्यांची किंमत मुलांना मोजावी लागते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आजोबांपासूनच सुरुवात करू. माळव्यात दोन पिढ्यांपूर्वी ज्वारी आणि मका ही रोजची धान्ये होती. १९७०च्या दशकापासून सोयाबीन पसरत गेले, गव्हाची सोय वाढली आणि ज्वारी शेतातून व ताटातूनही मागे हटली. आजोबांची जिलेबी तेवढी लक्षात ठेवायची आणि त्यांची भाकरी, त्यांचे रोजचे मैलोगणती चालणे विसरायचे, हा त्यांच्यावर अन्याय आहे. शिवाय जे ऐंशी वर्षे जगले त्यांचीच उदाहरणे आपल्यासमोर येतात. जे पन्नाशीतच गेले त्यांच्याबद्दल असे संदेश कोणी लिहीत नाही. आणि अख्खे, साधे अन्न हे बाहेरून आलेले फॅड असेल, तर आपल्या सणांचे काय करायचे? चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला भिजवलेले हरभरे, कैरीची डाळ आणि पन्हे, भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वाल, गाजर, वांगे घातलेली मिसळीची भाजी, विसर्जनाच्या दिवशी वाटली डाळ. यांतला एकही पदार्थ कोणा आहारतज्ज्ञाने आपल्यावर लादलेला नाही. इंदूरच्या मराठी वस्त्यांत, रामबागेपासून सुदामानगरपर्यंत, हे आजही घडते. फक्त तेच हरभरे सोमवारच्या डब्यात गेले की त्याला खूळ म्हणायचे, हे मला पटत नाही.

पोह्यांवर तर कोणाचाच राग नसावा. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर, वाफेवर ठेवलेले बडीशेप घातलेले मऊ पोहे, वरून जिरावन हा इंदुरी मसाला, बारीक चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड, ही न्याहारी वाईट नाही. उलट लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पोह्यांमधले लोह शरीरात अधिक शोषले जाते, आणि सोबत लगेच प्यालेला चहा तेच शोषण कमी करतो. हे बारकावे क्षुल्लक नाहीत, कारण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. मूठभर शेवेऐवजी घरी त्याच पोह्यांत मटार आणि शेंगदाणे घातले, तर चवही जात नाही आणि प्रथिनेही वाढतात. जिलेबी मात्र मैदा, तूप किंवा तेल आणि साखरेचा पाक आहे. ती सणासुदीची ठेवावी, रोजच्या न्याहारीची करू नये.

परवडत नाही, हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा, कारण बदाम, परदेशी फळे आणि महागड्या बियांची जाहिरात करणाऱ्यांनीच तो ओढवून घेतला आहे. तथापि शाळेच्या डब्याला त्यांतले काहीच लागत नाही. दहा रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटावर छापलेले वजन वाचावे आणि तेवढ्याच पैशांत सियागंजच्या बाजारातून आणलेले फुटाणे किंवा शेंगदाणे किती येतात ते तोलून पाहावे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. हंगामातला पेरू, काकडी, उकडलेले मक्याचे कणीस, मुगाचे धिरडे, यांतले काहीही पाकिटापेक्षा महाग पडत नाही. वेळ मात्र जास्त लागतो, हे खरे आहे. आणि तो वेळ एकट्या आईनेच काढावा असे मी म्हणणार नाही.

पाकिटात जीवनसत्त्वे घातलेली असतात, हे काही वेळा खरे असते, पण त्यामुळे आतली साखर आणि मीठ कमी होत नाही. गव्हाच्या दाण्याचा कोंडा आणि अंकुर काढून टाकल्यावर मैदा उरतो. अंकुरातल्या तेलामुळे पीठ लवकर खवट होते, म्हणून तो काढणे साठवणुकीच्या दृष्टीने सोयीचे ठरते. कणकेत शंभर ग्रॅममागे सुमारे ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ (फायबर) असतात, मैद्यात तीनहूनही कमी. दोन-चार जीवनसत्त्वे परत मिसळल्याने ही तूट भरून निघत नाही.

मुले खात नाहीत, हे पहिल्यांदा ताटात वाढल्यावर दिसतेच. नव्या भाजीची चव रुळायला लहान मुलाला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, जबरदस्ती न करता समोर यावी लागते. घरी दोनदा नाकारली की आपण नाद सोडतो. शेजारी बसलेला मित्र खातो आहे हे पाहून मूल जे खाते, ते आईच्या विनवण्यांनी खात नाही. जपानमध्ये शालेय भोजनाचा कायदा १९५४ सालचा आहे, आणि तिथे मुले वर्गातच एकमेकांना वाढतात व शिक्षकांसह जेवतात.

राहिला शाळेच्या अधिकाराचा प्रश्न. सरकारी शाळा रोज जेवण देतातच. पीएम पोषण योजनेत प्राथमिक वर्गांसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांचे प्रमाण ठरलेले आहे. खासगी शाळांनाही अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२०चे नियम लागू आहेत: मेद, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. पुढच्या पालकसभेत उपाहारगृहाची यादी मागावी आणि ती या नियमाशी ताडून पाहावी. फाटकाबाहेरच्या गाडीवाल्याला हुसकावून लावण्याची गरज नाही. पालकांनी ठरवले, तर तोच जिरावन भुरभुरलेले पेरू आणि उकडलेली कणसे विकू शकतो, आणि त्याची कमाईही बुडत नाही.