‘आधी बाप्तिस्मा, मग ऑपरेशन’: आफ्रिकेतल्या मिशन सर्जनांवरच्या मेसेजची चिरफाड

एक लांबलचक फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यात चार आरोप आहेत. आफ्रिकेतली मिशन इस्पितळं फुकट ऑपरेशनचं आमिष दाखवून माणसं बाटवतात. तिथे तयार होणारे सर्जन कामचलाऊ असतात. त्यांना शिकवायला परदेशी डॉक्टर पंधरा दिवसांच्या सुट्टीवर येतात. आणि शिकून झालं की हे सर्जन पहिल्या विमानाने पश्चिमेला पळतात. सगळा रोख ‘पॅन-आफ्रिकन अकॅडमी ऑफ ख्रिश्चन सर्जन्स’ म्हणजे ‘पाक्स’वर आहे. आफ्रिकी डॉक्टरांना मिशन इस्पितळांत सर्जन म्हणून तयार करणारी ही संस्था 1996 ची. पहिले प्रशिक्षणार्थी पुढच्या वर्षी गॅबॉनमधल्या बोंगोलो इस्पितळात रुजू झाले.

‘फुकट ऑपरेशनचं आमिष’

फुकट? केनियातल्या तेनवेक किंवा किजाबे या मिशन इस्पितळांत रुग्णाला बिल येतं. सरकारी विमा असला तर काही भाग तिथून मिळतो, उरलेला नातेवाईक गोळा करतात. नायजरमधल्या गालमीच्या मिशन इस्पितळात येणारे बहुतेक रुग्ण मुसलमान असतात आणि मुसलमान म्हणूनच घरी जातात. धर्म मात्र कुणी लपवत नाही. ऑपरेशनआधी प्रार्थना होते, प्रशिक्षणात बायबलचा अभ्यास असतो आणि ख्रिस्ती श्रद्धा ही प्रवेशाचीच अट आहे. आक्षेप घ्यायचा तर इथे घ्या: नायजरसारख्या मुस्लिमबहुल देशातल्या हुशार मुसलमान तरुण डॉक्टरला हे दार बंद आहे. टेबलावर आडव्या पडलेल्या माणसाला ‘प्रार्थना नको’ म्हणणं किती जमेल, हाही रास्त प्रश्न आहे. पण ‘बाटल्याशिवाय सुरी लावत नाहीत’ ही शुद्ध थाप आहे. मिरजेच्या वॉनलेस या मिशन रुग्णालयाचा इतिहास ठाऊक असलेल्यांना तरी हा फरक समजावून सांगावा लागू नये.

‘कामचलाऊ सर्जन’

जनरल सर्जरीचं प्रशिक्षण पाच वर्षांचं आहे. आफ्रिकेच्या पूर्व, मध्य आणि दक्षिण भागांतल्या देशांसाठी 1999 मध्ये ‘कोसेक्सा’ हे सर्जनांचं महाविद्यालय स्थापन झालं. त्याच्या परीक्षेला पाक्सचे विद्यार्थी सरकारी इस्पितळांतल्या उमेदवारांच्याच रांगेत बसतात: आधी सदस्यत्वाची, मग फेलोशिपची. प्रत्येक ऑपरेशन लॉगबुकात चढवावं लागतं. नुसती मदत केली, वरिष्ठ हात धुऊन शेजारी उभे असताना केलं, की स्वतः केलं, हेही त्यात नोंदवायचं.

हाताला काय वळण लागतं, याचा एक नमुना. तेनवेकच्या परिसरात अन्ननलिकेचा कर्करोग फार. तिशीच्या आतले रुग्णही येतात. बरेच जण पाणीसुद्धा गिळता येईना म्हणजे मगच पोचतात. तिथे स्वतःहून उमलणारा धातूचा स्टेंट क्ष-किरण यंत्राशिवाय, फक्त दुर्बिणीच्या आधारे बसवायची पद्धत रुळवली गेली. गाठीची वरची आणि खालची कड पुढच्या दातांपासून किती सेंटीमीटरवर आहे ते मोजायचं. गाठीच्या पलीकडे तार सरकवून तिच्यावरून मार्ग हळूहळू रुंद करायचा. मग स्टेंट दोन्ही टोकांना साधारण 2 सेंटीमीटर जास्त जाईल, असा सोडायचा. रुंद करताना घाई झाली तर नलिका फाटते. लांबी कमी पडली तर गाठ कडेवरून वाढून तोंड पुन्हा बुजवते. कामचलाऊ हाताला हे जमत नाही.

‘पंधरा दिवसांचे पाहुणे’

पाहुणे येतात, हे खरं. पण प्रशिक्षणाचा भार तिथेच राहणाऱ्या शिक्षक-सर्जनांवर असतो, आणि त्याचं कारण वैद्यकीय आहे. विषमज्वराने आतड्याला भोक पडलेला रुग्ण घ्या. पोट उघडून काही लिटर कोमट सलाइनने धुतलं, भोकाची कड कापून टाके घातले, तरी टाके सुटायचा धोका पुढच्या आठवडाभर असतो. पाचव्या दिवशी ताप चढला, पोट फुगलं, तर पोट पुन्हा उघडायचं की नाही हे कुणीतरी रात्रीच ठरवावं लागतं. पाहुण्याचं विमान तोवर उडालेलं असतं.

‘शिकले की पळाले’

कोसेक्साच्या देशांतल्या सर्जन पदवीधरांचा माग काढणाऱ्या अभ्यासात सुमारे 85 टक्के जण जिथे शिकले त्याच देशात काम करताना आढळले. ही आकडेवारी एकट्या पाक्सची नाही, साऱ्या प्रदेशाची आहे. तरीही मेसेजमधला दावा त्यात टिकत नाही. पाक्स तर आफ्रिकेतच सेवा करण्याची बांधिलकी प्रवेशावेळीच घेते.

मेसेज लिहिणाऱ्याला खरी दुखरी नस सापडलीच नाही. 2018 साली 25 आफ्रिकी देशांतल्या 11,422 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतरच्या मृत्यूंचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुप्पट निघालं, आणि बहुतेक मृत्यू टेबलावर न होता नंतर वॉर्डात झाले होते. रात्रपाळीला एकच नर्स, नाडी आणि श्वास मोजायला कुणी नाही, ऑक्सिजन संपत आलेला, रक्तासाठी नातेवाइकांची धावाधाव. नुसते सर्जन वाढवून हे सुटत नाही. किजाबेत भूल देणाऱ्या नर्सही शिकवून तयार करतात, ते म्हणूनच. पाक्सला जाब विचारायचाच असेल, तर प्रत्येक नव्या सर्जनमागे भूल देणारे आणि वॉर्ड सांभाळणारे किती तयार होतात, हे विचारा.