लेन्सच्या कपाळी टिकली

आमच्या दारव्हा तालुक्यात धुळीचं नाव तेवढं रेशनकार्डावर नाही, बाकी ती घरचीच. तुरीचं थ्रेशर चालू झालं की धसकटासकट उडते, मे महिन्यात पांदणीच्या फुफाट्यातून उठते आणि वरातीत डीजेपुढे नाचणाऱ्यांच्या पायांतून तर थेट माझ्या नाकात. मी लग्नाचे फोटो काढतो. नाकाचं काही नाही, पण एका रात्री दुर्बुद्धी सुचली आणि लांबचं जवळ ओढणाऱ्या ७०-३०० झूम लेन्समध्ये मोबाईलचा टॉर्च मारून पाहिलं.

आत आकाशगंगा!

तशी धूळ आत जाणारच. झूम केलं की नळी पुढे सरकते, लोहाराच्या भात्यासारखी हवा ओढते, आणि आमच्याकडची हवा नुसती कधी येते? सोबत अर्धा वावर घेऊन येते.

त्या रात्रीपासून झोप गेली. आभाळाचे फोटो काढून तपासू लागलो, तर एफ-१६ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केलं की, प्रत्येक फोटोत एकाच जागी काळा ठिपका. सापडला चोर! लेन्स बदलली, ठिपका तिथेच. म्हणजे तो सेन्सरवरचा, कॅमेऱ्याच्या आत फोटो टिपतो त्या भागावरचा. रबरी पंपाने दोनदा हवा मारली, गेला. शहाण्याने इथे थांबायचं असतं. मी लेन्स नागपूरला एका कारागिराकडे नेली. त्याने दोन हजार घेतले, धूळ काढली आणि आत एक केस ठेवला. माझा नाही, मला टक्कल आहे.

आजीला दाखवलं. तिने डोळ्यांवरचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. काचेवर पिठाचे, शेणाचे, बोटांचे ठसे. म्हणाली, "याच्यातून मले तुवा बाप दोन कोसावरून वयखू येते. तुले फोटू दिसते ना? मंग कायले रडतं?"

बुरशी असती तर रडणं रास्त होतं. पावसाळ्यात ती काचेवरचं कोटिंग खाते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकतोच. पण धूळ? ती काचेला इतकी खेटून असते की तिच्यावर फोकसच होत नाही. हे मला पाठ होतं, पटत नव्हतं. म्हणून बायकोच्या पाकिटातली लाल टिकली काढली आणि लेन्सच्या पुढच्या काचेवर, बरोबर मधोमध लावली. ३०० वर, म्हणजे पूर्ण झूम करून, एफ-५.६ला, छिद्र मोठं ठेवून समोरच्या निंबाचा फोटो काढला. पान न् पान स्वच्छ. टिकलीचा मागमूस नाही. त्या रात्री गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी हळद होती. हळदीत मी लांबूनच फोटो काढतो, जवळ गेलं की कॅमेऱ्यालाच हळद लागते. नवरीच्या मावशीने मला दोन-तीनदा निरखून पाहिलं. मला वाटलं शर्ट चांगला दिसत असेल. शेवटी ती जवळ आली.

"फोटूवाले भाऊ, तुमच्या कॅमेऱ्याचं बी लग्न हाये का?"

पाहतो तर टिकली. सकाळपासूनचे दोनशे चौदा फोटो तिच्यातूनच काढलेले. रात्री एकेक मोठा करून पाहिला. एकातही ती दिसली नाही.

टिकली काढली. आता काचेवर डिंकाचा बारीक डाग राहिलाय. टॉर्च मारला की स्पष्ट दिसतो.