केरळ टूरमध्ये हत्तीची राईड नाही म्हणून एक स्टार देणाऱ्या दादांना उत्तर

दादा नमस्कार, तुमचा रिव्ह्यू वाचला. ऑफिसातली पोरं म्हणाली सोडून द्या, पण उत्तर देतोय कारण हा विषय दर केरळ बॅचला कुणी ना कुणी काढतंच. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की थेक्कडीला बाकीचे टूरवाले हत्तीची राईड देतात, आम्ही दिली नाही, लेकरं हिरमुसली, मॅनेजरनं वर लेक्चर दिलं, पेरियारच्या बोटीतून एकही हत्ती दिसला नाही, आणि हे सगळं फॉरेनचं फॅड आहे, आपल्याकडं बैल औताला जुंपतातच की. रूम आणि जेवणाचं चांगलं लिहिलंत त्याबद्दल थँक्यू.

'फसवलं' हा शब्द मात्र मला मान्य नाही. राईड नाही हे आयटिनरीत छापलेलं आहे, बुकिंगच्या फॉर्मवर पण आहे, तुमची सही आहे त्याच्यावर, आणि त्याचे पैसे आम्ही घेतलेच नाहीत. उलट ग्रुप आणला की राईडवाले माणशी कमिशन देतात तेसुद्धा आम्ही सोडतो, म्हणजे धंद्याच्या हिशोबानं येडेच म्हणा ना आम्हाला.

आता बैलाचं. मी कंधारकडचा माणूस, घरी लाल कंधारी होती, पोळ्याला शिंगं रंगवलीत, त्यामुळं हे मला सांगू नका. बैल हजारो वर्षांपासून माणसाजवळ आहे, गरीब स्वभावाचं जनावर ठेवत ठेवत ती जातच तशी तयार झाली. हत्तीचं तसं झालेलं नाही, हत्तीण वीस-बावीस महिने गाभण राहते, पिल्लू कामाचं व्हायला वर्षानुवर्षं जातात, एवढं थांबून घरी पैदास करणं कुणाला परवडणार, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या हत्ती जंगलातूनच धरून आणायचे, म्हैसूरकडं त्याला खेडा म्हणायचे, तिथला शेवटचा खेडा १९७१ ला झाला. आणि धरलेला हत्ती आपोआप ऐकत नसतो, बांधून, उपाशी ठेवून, मारून त्याला वठणीवर आणतात, अंकुश कामून असतो हातात? तेव्हा बैल आणि हत्ती एका दावणीला बांधू नका.

तुम्ही लिहिलंय 'एवढ्या मोठ्या जनावराला दोन माणसांचं काय ओझं.' दादा, हत्तीच्या मणक्याची हाडं वरच्या बाजूला टोकं काढून असतात. माहूत बसतो तो मानेवर. राईडला पाठीवर सांगाडा ठेवून दोरानं आवळतात, वर माणसं, आणि तुमची एक फेरी झाली की दुसरी फॅमिली तयारच असते, सीझनला तर दिवसभर तेच, पाठीला जखमा होणार नाहीत तर काय. पायाचं तर त्याहून वाईट. तळवा मऊ असतो, तो डांबरावर आणि सिमेंटवर चालवायचा आणि फेऱ्या संपल्या की साखळीनं बांधून ओल्या शेणमुतात उभा करायचा, नखं फाटतात, तळवे सडतात. जंगलात हाच हत्ती दिवसातले बहुतेक तास चालत चरत असतो, मोठ्या हत्तीला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो रोज. माहुतांवर माझा राग नाही, तो बिचारा थोड्या पगारात जीव मुठीत धरून काम करतो.

जीवाचं निघालंच म्हणून सांगतो. जयपूरच्या आमेर किल्ल्यावर २०२४ च्या फेब्रुवारीत राईडच्या हत्तिणीनं एका रशियन बाईला सोंडेनं धरून आपटलं, व्हिडिओ सगळीकडं फिरला होता, तुम्ही पण बघितला असेल. त्याच आमेरच्या हत्तींची २०१८ ला ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या टीमनं तपासणी केली तेव्हा काहींना टीबी निघाला, काहींना नीट दिसतही नव्हतं. टीबी हत्तीकडून माणसालाही लागू शकतो, हे किती जणांना माहिती आहे? चाळीस लोकांचा ग्रुप लेकराबाळांसकट माझ्या भरवशावर येतो, काही झालं तर दारात उभं राहणारा मी असतो, राईडवाला नाही.

आणि फॉरेनचं फॅड म्हणालात म्हणून, आपण संभाजीनगरचे, अजिंठा दोन-अडीच तासांवर. १७ नंबरच्या लेणीत मातृपोषक जातकाचं, म्हणजे बुद्धाच्या मागच्या जन्माच्या एका गोष्टीचं, चित्र आहे, पुढच्या वेळी गाईडला मुद्दाम दाखवायला सांगा. राजाची माणसं जंगलातून हत्ती धरून आणतात, समोर खायला ठेवतात, तो तोंड लावत नाही, कारण त्याची आंधळी आई जंगलात एकटी राहिलेली असते. राजाला हे कळतं तेव्हा तो त्याला सोडून देतो. पंधराशे वर्षांपूर्वी आपल्याच डोंगरात रंगवलंय हे, तेव्हा कुठली फॉरेनची संस्था होती? मॅनेजरनं लेकरांना हीच गोष्ट सांगितली, त्यालाच तुम्ही लेक्चर म्हणताय.

कोल्हापूरकडच्या नांदणी मठातल्या माधुरी हत्तिणीचं पण तुम्ही मध्ये आणलंत, 'तुमच्यासारख्यांनीच नेली' म्हणून. आम्ही टूरवाले, आमचा काय संबंध. २०२५ च्या जुलैत हायकोर्टानं तिला नांदणीच्या मठातून हलवायला सांगितलं, सुप्रीम कोर्टानं तेच कायम ठेवलं, लोकांचं प्रेम खरं होतं त्यात वादच नाही. पण तिच्या पायांचे आणि संधिवाताचे रिपोर्ट कोर्टापुढं होते हेही तेवढंच खरं, आणि ती तर पूजेची हत्तीण, राईडच्या हत्तीचे पाय तपासायला कोण जातंय.

पेरियारला हत्ती दिसला नाही याचं मलाही वाईट वाटतं, पण ते जंगल आहे, बोटीच्या टायमाला हत्ती काठावर येईल अशी गॅरंटी आम्ही कधीच दिली नाही, देणारही नाही. सकाळच्या पहिल्या बोटीला चान्स जास्त असतो, तुमच्या बॅचमधली निम्मी मंडळी वेळेवर उठली नाहीत म्हणून दुसरी बोट घ्यावी लागली, हे रिव्ह्यूत राहून गेलं बहुतेक.

स्टार वाढवा असं म्हणणार नाही, तुमचे पैसे तुमचं मत. डिसेंबरच्या केरळ बॅचची आयटिनरी ग्रुपवर टाकलीय, राईड त्यातही नाही, ज्यांना पाहिजेच असेल त्यांनी ॲडव्हान्स भरायच्या आधी दुसरा टूरवाला बघितलेला बरा.