‘एक्सेल आहे की, डेटा मॅनेजमेंट कशाला?’ या फॉरवर्डला उत्तर

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या धंदेवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं की डेटा मॅनेजमेंट हे आयटीवाल्यांनी विकायला काढलेलं खूळ आहे, ते बँकांना नि मोठ्या कंपन्यांना लागतं, आपल्याला एक्सेल पुरतं, ड्राईव्हवर सगळं सेव्ह असतं, गिऱ्हाइकाने दिलेली माहिती आपलीच, आणि उरलंसुरलं आता एआय नीट करेल. बागायतदार, होमस्टेवाले, पतसंस्थेतले लोक, सगळे पुढे पाठवतायत. मला यातलं जवळपास काहीच पटत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘हे मोठ्यांचं काम.’ डेटा मॅनेजमेंट म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे हो. कुठली माहिती ठेवायची, कुणी भरायची, कुठल्या मापात भरायची, कुणाला दिसली पाहिजे, किती वर्षं जपायची आणि कधी पुसायची, हे ठरवायचं आणि ठरवलंय तसं रोज करायचं, एवढंच ते. आता आंब्याचं घ्या. बागेतून मेसेज येतो ‘४० पेट्या गेल्या’. चार डझनी की सहा डझनी? एकात १६० डझन, दुसऱ्यात २४०, म्हणजे ८० डझनांचा फरक आणि तो कुठेच लिहिलेला नाही. वाशीला गेलेला माल पेटीत, ऑनलाइन विकलेला डझनात, कॅनिंगला दिलेला किलोत, आणि जूनमध्ये हिशोबाला बसलं की तिन्ही एकाच कॉलमात, मग कुठल्या बाजाराने खरंच पैसे दिले ते कसं कळणार? बरं, हे सगळं ज्याच्या डोक्यात असतं तो एकच माणूस असतो, दिवाणजी म्हणा किंवा पुतण्या म्हणा, तो मुंबईला नोकरीला गेला की धंद्याची आठवण त्याच्याबरोबर गेली. मोठ्या कंपनीत चूक पकडायला दहाजण असतात. गरज आपल्यालाच जास्त आहे.

आणि बाहेरचा बाजार तर नोंदीशिवाय दारात उभं करत नाही. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने भारतीय आंबा बंद केला होता, मालात फळमाशी सापडली म्हणून, ती बंदी उठली जानेवारी २०१५ मध्ये. आज निर्यातीच्या आंब्यासाठी अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, मँगोनेट या ऑनलाइन नोंदणीवर बागांची नोंद होते, कारण खोक्यात काही सापडलं तर ते कुठल्या बागेतून आलं इथपर्यंत मागे जाता यायला हवं. हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, तिथेही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागतेच. यात आयटीवाल्यांचं खूळ कुठे आलं?

‘एक्सेल पुरतं.’ एक्सेल चांगलंच आहे, मी रोज वापरतो, पण ते काय करतं ते माहीत असायला हवं. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेत १५,८४१ कोविड पॉझिटिव्ह रुग्ण मोजणीतून गळले, कारण फाईल एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारातली होती, त्यात ६५,५३६ च ओळी मावतात, त्यापुढच्या ओळी आल्याच नाहीत आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या माणसांना शोधायला उशीर झाला. आपल्याकडे एवढ्या ओळी होत नाहीत हे मान्य, पण लॉट नंबर ५-६ टाका, एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. ह्याच कारणाने काही जनुकांची नावं शास्त्रज्ञांना २०२० मध्ये बदलावी लागली. आणि पतसंस्थावाल्यांनी हे नक्की बघा: १६ आकडी खाते क्रमांक साधा आकडा म्हणून टाकला तर एक्सेल १५ आकडेच धरतं, शेवटचा शून्य होतो, आणि सुरुवातीचा शून्य असेल तर तो उडतो. पैसे कुणाच्या खात्यात जायचे त्याची ही यादी! कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

‘ड्राईव्हवर सेव्ह असतं.’ सिंक, म्हणजे सगळीकडे एकच प्रत आपोआप जुळत राहणं, हा बॅकअप नाही. ऑफिसातल्या मुलाने चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते सगळीकडून जातं, गुगल ड्राईव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं आणि मग संपलं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात, हा जुना नियम आहे आणि तो कोकणाइतका कुठे लागू असेल असं वाटत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावर होतं ते भिजलं, कागद काय नि कॉम्प्युटर काय. आणि जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात.

‘गिऱ्हाइकाची माहिती आपलीच.’ नाही. तारकर्लीपासून दापोलीपर्यंत होमस्टेवाले व्हॉट्सॲपवर आधारचे फोटो मागवतात आणि ते वर्षानुवर्षं त्याच फोनमध्ये पडून असतात, फोन पोराच्या हातात. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाय, तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय, सुरक्षा नीट ठेवली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तेवढा दंड होमस्टेवाल्याला कोण लावणार म्हणाल, ठीक, पण कुणीतरी विश्वासाने दिलेलं आधार आपल्याकडून फुटलं तर त्या माणसाला काय सांगणार?

राहिला एआय. तो स्पेलिंगं जुळवेल, एकच माणूस दोनदा आलाय का ते सुचवेल, चांगलंच आहे ते. पण पत्त्यात नुसतं ‘शिरगाव’ असेल तर ते रत्नागिरीजवळचं की देवगड तालुक्यातलं हे तो कुठून आणणार, पिनकोड तुम्ही घेतलाच नाही. नुसतं ‘खेड’ लिहिलेलं पार्सल पुणे जिल्ह्यात जाऊ शकतं. आणि त्या ४० पेट्या चार डझनी होत्या की सहा हे जगातल्या कुठल्याही मशीनला माहीत नाही, ज्याने भरल्या त्यालाच माहीत आहे. ते त्याच्याकडून लिहून घ्यायला पावसाळ्यात वेळ असतो, मोहोर आला की कुणालाच नसतो.