बुर्किना फासो ‘दहशतवादमुक्त’ झालेला नाही, आणि त्या फॉरवर्डमधले बाकीचेही फारसे खरे नाही

माझा पुतण्या एमपीएससीची तयारी करतो. सरावासाठी लिहिलेला एक निबंध त्याने मला वाचायला पाठवला. त्यात पानभर मजकूर पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचे लष्करी प्रमुख कॅप्टन इब्राहिम ट्राओरे यांच्यावर होता आणि तो सगळा व्हॉट्सॲपवरच्या एका फॉरवर्डमधून उतरवलेला होता. तुमच्याही गटात तो येऊन गेला असेल. गणवेशातला तरुण सैनिक, मागे झेंडा, खाली कामगिरीची यादी: सगळे परकीय कर्ज फेडले, आयएमएफला (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला) दारातून परत पाठवले, फ्रान्सची सोन्याची लूट थांबवली, सौदीच्या दोनशे मशिदी नाकारून शाळा मागितल्या, न्यायाधीशांचे इंग्रजी विग उतरवले, बीटी बियाण्याची अमेरिकी कंपनी हाकलली, देश दहशतवादमुक्त केला. आणि शेवटी, ‘आपल्यालाही असाच एक हवा.’

पोरगा हुशार आहे, रोज वर्तमानपत्र वाचतो. त्यालाही हे खरे वाटते, तर बाकीच्यांचे काय? म्हणून एकेक दावा घेतो. सुरुवात सगळ्यात घातक दाव्यापासून.

‘देश दहशतवादमुक्त केला.’ हे वाक्य पुढे पाठवणाऱ्याने जिबो हे नाव तरी ऐकलेले असावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. उत्तरेला, मालीच्या सीमेच्या बाजूला असलेले हे गाव गुराढोरांच्या मोठ्या बाजारासाठी ओळखले जायचे. अल-कायदाशी जोडलेल्या जेएनआयएम या संघटनेने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला वेढा घातला. रस्ते बंद, शेतात जायची सोय नाही, बाजार ओस. धान्य आले तर लष्कराच्या संरक्षणातल्या ट्रकच्या ताफ्याने किंवा हेलिकॉप्टरने. लोकांनी झाडपाला शिजवून खाल्ला. सप्टेंबर २०२२ मध्ये जिबोला निघालेला असाच एक ताफा गास्किंदे गावाजवळ अडवून जाळला गेला, त्यात सैनिक मेले, नागरिकही मेले. त्यानंतर चारच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, ट्राओरे यांनी सत्ता घेतली. कारण काय सांगितले? आधीचे लष्करी प्रमुख दामिबा यांना सुरक्षा राखता आली नाही. त्या दामिबांनीही आठच महिन्यांपूर्वी, जानेवारीत, नेमके हेच कारण देऊन निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष काबोरे यांना हटवले होते. तेव्हा देश संतापला होता तो इनाताच्या चौकीवरून. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथले पन्नासच्या आसपास जवान मारले गेले. त्यांची रसद दोन आठवड्यांपूर्वीच संपली होती आणि ते रानातली जनावरे मारून पोट भरत होते.

म्हणजे ट्राओरे सुरक्षेच्या आश्वासनावर आले. मग हिशेब त्याचाच मागायला हवा. जागतिक दहशतवाद निर्देशांकाच्या २०२४ च्या अहवालात बुर्किना फासो जगात पहिल्या क्रमांकावर होता. २०२३ या एका वर्षात, म्हणजे ट्राओरे यांच्या पहिल्या पूर्ण वर्षात, तिथे दहशतवादी हल्ल्यांत १,९०७ माणसे गेली. जगभरातल्या अशा मृत्यूंपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या या देशातला. मार्च २०२३ च्या सरकारी आकड्यानुसार २० लाखांहून जास्त लोक घरदार सोडून देशातच विस्थापित झाले होते. लोकसंख्या साधारण सव्वादोन कोटी. त्यानंतर सरकारने हा आकडा जाहीर करणेच थांबवले. मे २०२५ मध्ये त्याच जिबोवर पुन्हा मोठा हल्ला झाला आणि लष्करी तळ जेएनआयएमच्या हाती गेला. ज्या महिन्यांत हे घडत होते, त्याच महिन्यांत हा फॉरवर्ड सगळ्यात जोरात फिरत होता.

बारसालोगोचे तर सांगायलाच हवे. २४ ऑगस्ट २०२४. हल्ला होणार अशी भीती होती, म्हणून लष्कराने गावकऱ्यांना गावाभोवती खंदक खणायला लावले. कित्येकांची जायची इच्छा नव्हती. हातात कुदळ-फावडे घेतलेली ही माणसे उघड्यावर राबत असताना मोटारसायकलींवरून बंदूकधारी आले आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. स्वतः खणलेल्या खंदकातच माणसे पडली. ह्युमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने किमान १३३ मृत मोजले, इतर अंदाज त्याहून बरेच वर आहेत.

आणि मारणारे फक्त जिहादी नाहीत, हे त्या पोस्टरवर कधीच येणार नाही. २५ फेब्रुवारी २०२४ ला नोंदिन आणि सोरो या दोन गावांत सैनिकांनी माणसे घराबाहेर काढून गोळ्या घातल्या. ह्युमन राइट्स वॉचच्या चौकशीत २२३ मृत निघाले, त्यात किमान ५६ मुले. त्या भागातल्या सरकारी वकिलाने स्वतःच सुमारे १७० मृत्यूंची बातमी आधी दिली होती. अहवाल आल्यावर सरकारने काय केले? तो दाखवला म्हणून बीबीसी आणि व्हॉइस ऑफ अमेरिका ही दोन रेडिओ केंद्रे दोन आठवड्यांसाठी बंद केली. ट्राओरे यांनी सत्तेवर येताच ५०,००० नागरिकांना बंदुका देऊन स्वयंसेवक म्हणून भरती करायची मोहीम काढली. गाव राखायला माणसे मिळाली हे खरे, पण जिहादींनी त्याच गावांना लक्ष्य केले. आणि दुसरीकडे फुलानी या पशुपालक समाजातल्या कुणावरही ‘तुम्ही त्यांचेच’ म्हणून संशय घेतला जाऊ लागला. या सगळ्याला ‘दहशतवादमुक्त’ म्हणायचे असेल, तर त्या गावांतल्या माणसांच्या मरणाची किंमत शून्य आहे असेच म्हणावे लागेल.

आता कर्ज. ‘सगळे परकीय कर्ज फेडले, आयएमएफला नकार दिला.’ यासाठी एकच कागद पुरेसा आहे. २१ सप्टेंबर २०२३ ला आयएमएफच्या कार्यकारी मंडळाने बुर्किना फासोला चार वर्षांत मिळून सुमारे ३० कोटी २० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. ट्राओरे यांना सत्तेत येऊन तेव्हा वर्षही पूर्ण झाले नव्हते. कार्यक्रमाची कागदपत्रे आयएमएफच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. त्यात त्यांच्याच सरकारचे आशयपत्र आहे: तूट किती कमी करू, कोणता खर्च आवरू. नंतरचे हप्ते परीक्षण होऊन सुटत गेले. देशाचे सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त आहे, हेही त्याच कागदांत दिसते. ज्याने हे कर्ज स्वतः मागून घेतले, त्याने ते ‘नाकारले’ म्हणून आपण टाळ्या वाजवतो आहोत. चलनाचेही तेच. ‘फ्रान्सचे चलन फेकून दिले’ अशी ओळ काही प्रतींत आहे. राजधानी वागादुगूच्या बाजारात आजही फ्रेंच वसाहतकाळापासूनचा सीएफए फ्रँकच चालतो, त्याचा दर युरोशी बांधलेला आहे.

सोन्याच्या बाबतीत मात्र अर्धे खरे आहे आणि ते मान्य करतो. जुलै २०२४ मध्ये नवा खाण कायदा आला आणि सरकारचा फुकट वाटा १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर गेला. बुंगू आणि वाहनियोन या दोन खाणी सरकारने ताब्यात घेतल्या. देशात सोने शुद्ध करायच्या पहिल्या कारखान्याची पायाभरणी झाली. हे योग्यच झाले. २००९ पासून सोने ही या देशाची सगळ्यात मोठी निर्यात आहे आणि त्यातून खाणीशेजारच्या गावाला फार थोडे मिळते. पण ‘फ्रान्सची सोन्याची लूट’ हे काय आहे? मोठ्या खाणी चालवणाऱ्या कंपन्या कॅनडाच्या, लंडनच्या शेअर बाजारातल्या, रशियाच्या. सगळ्यात मोठ्यांपैकी एक असलेली एसाकान खाण कॅनडाच्या कंपनीकडे आहे. आणि ‘परकीयांना खाणी बंद’ म्हणता, तर एप्रिल २०२५ मध्ये नियू इथल्या खाणीचा परवाना रशियाच्या नॉर्डगोल्डला याच सरकारने दिला.

फ्रान्सने तिथे जे केले त्यासाठी खोटे रचायची गरजच नाही. १९१९ मध्ये ही वसाहत स्थापली, १९३२ मध्ये मोडून तिचे तुकडे शेजारच्या वसाहतींना वाटले, कारण आयव्हरी कोस्टच्या मळ्यांना मजूर हवे होते. १९४७ मध्ये पुन्हा जोडली. वेठीने नेलेल्या त्या मजुरांच्या वाटेने नंतर पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसे गेली. आजही लाखो बुर्किनाबे, म्हणजे या देशाचे लोक, आयव्हरी कोस्टमध्ये कोकोच्या मळ्यांत राबतात. समुद्र नसलेला, सहा देशांनी वेढलेला, क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून थोडा लहान असा हा देश. त्याचे डिझेल, सिमेंट, तांदूळ अबिदजान, लोमे, तेमा या शेजारी देशांच्या बंदरांतून ट्रकने येतात. शेजाऱ्यांशी बिघडले की पंपावर रांग लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्रेंच सैन्य तिथून गेले, हेही खरे आहे आणि लोकांना ते हवेच होते.

बियाण्याच्या ओळीवर थोडे थांबतो, कारण विदर्भातल्या शेतकरी गटांत तीच सगळ्यात जास्त उचलली गेली. बुर्किना फासोने २००८ मध्ये मोन्सँटोच्या जनुकाचा बीटी कापूस व्यापारी लागवडीला आणला. बोंडअळीसाठीच्या सहा फवारण्या दोनवर आल्या, शेतकरी खूश होता. पण जनुक घातलेल्या वाणांचा धागा आखूड निघू लागला. तिथला कापूस हाताने वेचलेला आणि लांब धाग्याचा म्हणून जगात चांगला भाव खायचा, तो भाव घसरला. तोटा कापूस कंपन्यांना बसला. त्यांनी आणि शेतकरी संघटनेने मिळून मोन्सँटोकडे ४८.३ अब्ज सीएफए फ्रँकची भरपाई मागितली आणि २०१६ च्या हंगामापर्यंत देश पुन्हा साध्या वाणांवर आला. तेव्हा ट्राओरे लष्करात कनिष्ठ अधिकारी होते. ज्यांनी धागा मोजला, हिशेब मांडला, मोठ्या कंपनीशी वाटाघाटी केल्या, त्या लोकांचे श्रेय दुसऱ्याच्या फोटोखाली चिकटवले आहे. कापूस पिकवणाऱ्या माणसाला खरी गोष्ट जास्त कामाची आहे. ट्राओरे सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये जनुकीय बदल केलेल्या डासांचा मलेरिया प्रकल्प बंद केला, एवढे खरे. तो कापूस नव्हे.

विगचा दावा निकालात काढायला एक ओळ पुरे: ती फ्रान्सची वसाहत होती, तिथले न्यायाधीश इंग्रजी विग घालतच नव्हते. दोनशे मशिदींच्या दाव्याला ना सरकारी निवेदनाचा आधार आहे ना सौदीच्या. आपल्याकडे तो का आवडीने पाठवला जातो हे न कळण्याइतके आपण भोळे नाही, म्हणून सांगतो: बुर्किनातले साठ टक्क्यांहून जास्त लोक मुसलमान आहेत, स्वतः ट्राओरे मुसलमान आहेत, आणि एकाच घरात मुसलमान, ख्रिस्ती व जुन्या देवांना मानणारे असे सगळे असणे तिथे नेहमीचे आहे. ईदला ख्रिस्ती शेजारी येतात, नाताळला मुसलमान. पोपने ट्राओरे यांची स्तुती केल्याचा ३६ मिनिटांचा व्हिडिओ बनावट असल्याचे व्हॅटिकनच्याच वृत्तसेवेने मे २०२५ मध्ये सांगितले. गायक-गायिकांची स्तुतिगीतेही तशीच, यंत्राने बनवलेली.

देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस सांकारांशी तुलना प्रत्येक प्रतीत असते. सांकारांनी १९८३ ते १९८७ या चार वर्षांत काही आठवड्यांच्या मोहिमेत २५ लाखांच्या आसपास मुलांचे लसीकरण केले, मंत्र्यांच्या मर्सिडीज विकल्या. त्यांच्याही काळात विरोधकांना तुरुंग होता, हेही लिहा. पण तिथल्या तरुणांना ट्राओरेंमध्ये ते दिसतात, ही भावना खरी आहे आणि मी तिला खोटे म्हणणार नाही.

‘असाच एक हवा’ म्हणणाऱ्यांनी शेवटचे एवढे वाचावे. एप्रिल २०२३ च्या सर्वसाधारण सैन्यभरतीच्या आदेशाचा वापर करून टीकाकारांना आघाडीवर पाठवले जाते. सरकारवर टीका करणारे भूलतज्ज्ञ डॉक्टर अरुना लुरे यांना तसे पाठवले. कत्तलींच्या नोंदी ठेवणारे मानवाधिकार कार्यकर्ते दाऊदा दिआलो यांना डिसेंबर २०२३ मध्ये राजधानीत उचलले आणि नंतर ते गणवेशात, हातात रायफल घेतलेले दिसले. मार्च २०२५ मध्ये पत्रकार संघटनेचे अध्यक्ष गेझुमा सानोगो यांनी माध्यमांवरच्या दडपणाबद्दल जाहीरपणे बोलल्यावर त्यांना अटक झाली, आणि काही दिवसांनी तेही सैनिकी कपड्यांत व्हिडिओवर आले. जुलैमध्ये सुटले. निवडणूक जुलै २०२४ पर्यंत घेऊ असे वचन होते. मे २०२४ मध्ये मुदत आणखी ६० महिन्यांनी वाढवली, म्हणजे २०२९. आणि जुलै २०२५ मध्ये निवडणूक आयोगच बरखास्त करून त्याचे काम गृहखात्याकडे दिले.