नाडीपरीक्षा

शून्य कचऱ्याचं व्रत घेतलेल्या घरात सगळ्यात जास्त कचरा होतो. सध्या आमच्याकडे सोफ्यावर चिंध्या, जमिनीवर दोऱ्यांची टोकं आणि टेबलावर खडूची भुकटी आहे. यापुढे कुणालाही भेटवस्तू द्यायची ती रंगीत कागदात नाही, हाताने शिवलेल्या कापडी पिशवीत, असं मी जाहीर केलंय. जाहीर करायला शिलाई मशीन लागत नाही, त्यामुळे तेवढं काम झटपट झालं.

कागदावरचा माझा राग मात्र खरा आहे. चकचकीत, चमकी लावलेला कागद पुष्कळदा निव्वळ कागद नसतोच. त्यावर प्लॅस्टिकचा नाहीतर धातूचा पातळ थर असतो आणि मग तो रद्दीतही चालत नाही. ओळखायची खूण सोपी: मुठीत चुरगाळायचा आणि सोडून द्यायचा. बोळा तसाच राहिला तर कागद, अंग झाडून उलगडला तर प्लॅस्टिक. ही परीक्षा भेटवस्तू उघडून झाल्यावर घ्यायची असते. आधी घेतली की गैरसमज होतात.

बरं, या कागदाचं प्रस्थ काही पुरातन नाही. १९१७ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानातला भेटवस्तू गुंडाळायचा टिश्यू कागद संपला, म्हणून त्यांनी पाकिटांना आतून लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद विकायला ठेवला आणि तो हातोहात गेला. जपानी माणसं तर फुरोशिकी नावाचं चौकोनी कापड घेतात, दोन गाठी मारतात की झालं. सुई नाही, दोरा नाही. २००६ साली तिथल्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी या कापडाचा नव्याने प्रचारही केला होता. इतका सरळ रस्ता समोर असताना मी शिवणाच्या वाटेला का गेलो? कारण घरात मशीन होतं, आणि ‘तुला ते जमणार नाही’ असं आई म्हणाली होती.

नवीन कापड आणायचं नाही हा माझा दंडक. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली एक हिशेब मांडला होता. बाजाराच्या साध्या सुती पिशवीने दुकानातल्या प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायची, तर नुसत्या हवामानबदलापुरती ती ५२ वेळा वापरायला हवी, आणि पर्यावरणावरचे सगळे परिणाम धरले तर ७१०० वेळा. आमचा गोतावळा मोठा आहे, पण ७१०० वाढदिवस त्यातून निघणार नाहीत. तेव्हा जुने शर्ट आणि विटका पडदा यांच्यावर भागवायचं ठरलं. बाबांच्या चौकड्यांच्या शर्टाची छान पिशवी झाली. शर्ट जुना आहे असं माझं मत होतं. बाबांचं नव्हतं. ते आता कपाटाला कुलूप लावतात.

दोन चौकोन जोडले की पिशवी तयार, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी खोकं हातात घेऊन बघावं. खोक्याला जाडी असते. त्याची रुंदी अधिक जाडी, अधिक शिलाईपुरतं कापड, अधिक वस्तू आत-बाहेर करता येईल इतका सैलपणा, एवढी पिशवीची रुंदी. उंचीचंही तसंच, वर शिवाय नेफ्याची दुमड. आणि सुती कापड कोरं असेल तर कापण्याआधी धुवायचं, कारण ते आटतं. हे सगळं पाळलं की पिशवी बेतशीर होते. मग उरते नाडी.

आईचा हुकूम होता, ‘बाजू शिवताना वरचा नेफ्यापुरता भाग मोकळा सोड, नाहीतर नाडी काय भिंतीतून जाणार?’ सोडला. नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावायची, ती नेफ्यात सारायची, बाहेरून चाचपत पुढे ढकलायची आणि कापड मागे सरकवायचं. सुरुवातीला पिन अशी सुळसुळत जाते की आपल्याला कला वश झाली असं वाटतं. अर्ध्या वाटेवर बाजूची शिवण येते. तिथे आतल्या बाजूला कापड दुहेरी-तिहेरी दुमडलेलं असतं आणि पिनेचं डोकं बरोबर त्या घडीत घुसतं. थोडा जोर केला की पिन आतल्या आत उघडते. आता ती पुढे जात नाही, मागे येत नाही, फक्त टोचते.

‘ओढू नकोस!’ आई.

ओढल्यावर पिन बाहेर आली. नाडी आत राहिली.

ही सेफ्टी पिन वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८४९ साली पेटंट केली आणि ४०० डॉलरला हक्क विकून टाकले. याच गृहस्थाने त्याआधी, १८३०च्या दशकात, दोन दोऱ्यांनी टाका घालणारं शिलाई मशीनही बनवलं होतं, पण त्याचं पेटंट वेळेवर घेतलंच नाही. म्हणजे माझ्या बोटात रुतलेली पिन आणि समोरचं मशीन, दोन्ही त्याच्याच डोक्यातून निघालेली. दोन्हींतून तो अंग काढून का मोकळा झाला असेल, हे मला आता इतिहासकारांपेक्षा बरं समजतं.

पिशवी दोन्हीकडून ओढून नीट मिटायची असेल तर नाड्याही दोन लागतात, एकमेकींच्या उलट दिशेने ओवलेल्या. म्हणजे हे सगळं पुन्हा. शेवटी आई उठली, जुन्या टूथब्रशच्या दांड्याला असलेल्या भोकात तिने नाडी अडकवली आणि बोलता बोलता ओवून दिली. शिवणीपाशी दांडा क्षणभरही थबकला नाही. ‘हे आधी का नाही सांगितलंस?’ मी. ‘तू विचारलंस कुठे? तू पर्यावरण वाचवत होतास.’

चौकड्यांची पिशवी आत्याला गेली. आत पुस्तक होतं, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पिशवी हातोहात फिरली, नेफ्याची शिलाई नखाने तपासली गेली, ‘तू शिवलीस? खरंच तू?’ असं तीन पिढ्यांनी विचारलं. गाठ मी जरा घट्टच मारली होती. आत्याने ती नखाने सोडवून पाहिली, दाताने पाहिली, मग म्हणाली, ‘इतकी सुंदर पिशवी, फाटायला नको हो,’ आणि कात्री घेऊन दोन्ही नाड्या कच्कन कापल्या.

पिशवी तिने धुऊन, इस्त्री करून परत पाठवली. सोबत चिठ्ठी होती: ‘नाडी तेवढी तू घालून घे.’